चंदेरी पान, जांभळी शीर

न्यू जर्सीच्या किंवा टोरांटोच्या उपनगरात ज्यांनी घर घेतलं आहे, त्यांना उत्तरेच्या भिंतीलगतचा तो पट्टा चांगला ठाऊक असतो. तिथे गवत धरत नाही. बी टाका, खत घाला, पाणी द्या. मे महिन्यात जरा हिरवळ दिसते आणि ऑगस्ट येईतो शेवाळ आणि उघडी माती तेवढी शिल्लक राहते. गुलाब तिथे नुसताच उंच होतो, झेंडू कळीवर येत नाही. शेजारीपाजारी होस्टा लावायला सांगतात. सल्ला खोटा नाही, पण ज्या भागात हरणं फिरतात तिथे होस्टाचा वाफा एका रात्रीत देठांवर येतो. मग राहतात नेचे. आणि नेचा म्हटलं की बहुतेकांचा उत्साह मावळतो, कारण नेचा म्हणजे दवाखान्याच्या व्हरांड्यात टांगलेला, कधी न फुलणारा एक हिरवा झुपका, अशी आपली समजूत झालेली असते.

या प्रकरणातला नेचा हिरवा म्हणावा असा नाही. त्याचं पान चंदेरी राखाडी. मधली शीर गर्द जांभळट तांबडी, आणि तो रंग शिरेपाशी न थांबता दोन्ही बाजूंच्या राखाडीत झिरपत गेलेला. कडेला फिकट हिरवी झाक. इंग्रजीत त्याला जॅपनीज पेंटेड फर्न म्हणतात. शास्त्रीय नाव अथिरियम निपोनिकम आणि रंगीत वाणाचं नाव पिक्टम. साध्या हिरव्या रूपात ही जात जपान, कोरिया, चीन आणि तैवानमध्ये रानाच्या कडेला, ओलसर उतारांवर उगवते, आणि जपानी माणूस तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. उंची फूट-दीड फूट, पसारा दोन फुटांपर्यंत. अमेरिकेतली पेरेनियल प्लांट असोसिएशन ही संस्था १९९० पासून दरवर्षी एका बहुवर्षायू झाडाला वर्षाचा मान देते. २००४ साली तो या नेच्याला मिळाला. त्याआधीच्या चौदा निवडींत एकही नेचा नव्हता, सगळी फुलझाडं आणि एक गवत.

रंगाचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र त्याचा सोशिकपणा जास्त मोलाचा वाटतो. अमेरिकेच्या शेती खात्याने १९६० साली देशाचा एक नकाशा काढला. हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्री पारा सरासरी कुठवर उतरतो, हे पाहून देशाचे पट्टे पाडले. आज त्यात तेरा पट्टे आहेत, आणि ताजी आवृत्ती २०२३ ची आहे. नर्सरीतल्या कुंडीवरच्या चिठ्ठीत जो ‘झोन’ लिहिलेला असतो तो हाच. हा नेचा चौथ्या पट्ट्यापासून आठव्यापर्यंत लावतात. चौथा पट्टा म्हणजे उणे ३४ अंश सेल्सिअसपर्यंतची, मिनेसोटातली थंडी. सहाव्या-सातव्या पट्ट्यातल्या न्यू जर्सीत त्याला हिवाळा त्या मानाने सुखाचाच जातो.

अर्थात ही थंडी पान सोसत नाही. पहिला कडक गारठा पडला की पानं तपकिरी होऊन आडवी होतात. जगतं ते जमिनीलगत आडवं सरकणारं बोटभर जाडीचं खोड आणि त्याच्या टोकाशी दडलेले पुढच्या वर्षीचे कोंब. पुढची गंमत अशी की हा नेचा वसंतात उशिरा जागा होतो. ट्युलिप फुलून जातात, होस्टाची पानं उलगडू लागतात, तरी याची जागा रिकामीच. मेलं म्हणून खणून फेकून दिलेल्या रोपांची गणती करता आली असती तर ती मोठी भरली असती. म्हणून रोप लावतानाच शेजारी एक काडी खोवून ठेवावी आणि मे अखेरपर्यंत तिथे कुदळ चालवू नये.

थंडीच्या पट्ट्यांच्या त्या नकाशात एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे उन्हाळा. तो फक्त थंडीचं मोजमाप सांगतो. अटलांटा किंवा डॅलसमधल्या मराठी घरात हिवाळा या नेच्याला मुळीच जड जात नाही. जड जातात त्या जुलैच्या रात्री, ज्यांत पारा खाली उतरायचं नावच घेत नाही. तिथे तो जगतो, पण त्याचा रंग फिकटतो आणि वाढ खुंटते. चिठ्ठीवरचा आकडा पाहून झाड घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

आता सावलीकडे येऊ, कारण या नेच्याचं सगळं रहस्य तिथेच आहे. नर्सरीची चिठ्ठी ‘सावलीत लावा’ एवढंच म्हणते, आणि माणूस रोप घेऊन बागेतल्या सर्वांत काळोख्या कोपऱ्याकडे निघतो. सहा महिन्यांनी तक्रार येते की विकत घेतलं तेव्हा चांदीसारखं होतं, आता नुसतं मळकट हिरवं दिसतंय. रोपात काही खोट नसते. गर्द सावलीत पानाला मिळेल तो प्रकाश टिपायचा असतो, म्हणून ते हरितद्रव्यावर भर देतं. आणि तांबडा-जांभळा रंग देणारी अँथोसायनिनच्या कुळातली द्रव्यं तयार व्हायला मुळात उजेडच लागतो. गारवा असेल तर ती जास्त तयार होतात, उकाड्यात कमी. म्हणून एकाच झाडाचं मे महिन्यातलं पान आणि ऑगस्टमधलं पान शेजारी ठेवलं तर ती दोन वेगळ्या झाडांची वाटतील. उलट बाजूही आहे. दुपारच्या थेट उन्हात हा रंग विटतो, पानाची कड करपते आणि माती जरा कोरडी असली तर अख्खं पान सुकून चुरगळतं. म्हणजे या नेच्याला हवा असतो काळोख आणि ऊन यांच्यामधला एक अरुंद पट्टा, आणि तो आपल्या आवारात नेमका कुठे आहे हे शोधणं हेच बागवानाचं खरं काम. खड्डा तर कुणीही खणतं.

सावल्या किती तऱ्हांच्या असतात! घराच्या उत्तरेला थेट ऊन येत नाही, पण वर आभाळ मोकळं असतं. तिथला उजेड दिवसभर सारखा आणि थंड. ही जागा उत्तम. पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन दोन-तीन तास पडतं आणि मग घरच आडोसा करतं. ही सर्वोत्तम, रंग इथे सर्वांत खुलतो. पश्चिमेची भिंत मात्र टाळावी, कारण तिथे सकाळभर सावली असली तरी दुपारनंतर येणारं ऊन भाजून काढतं आणि भिंतीत साठलेली धग रात्रीपर्यंत सुटत राहते.

झाडांखालच्या सावलीची तर वेगळीच कहाणी. ओकसारख्या उंच, पानगळी झाडाखाली एप्रिलमध्ये फांद्या उघड्या असतात, त्यामुळे मातीला ऊब मिळते. पालवी आल्यावर दिवसभर कवडसे हलत राहतात; एका पानावर ऊन काही मिनिटांपलीकडे टिकत नाही. नेच्याला हे फार मानवतं. तेच नॉर्वे मेपलखाली सगळं बिनसतं. त्याची छत्री दाट, आणि मुळं अगदी वरच्या वीतभर मातीत जाळं करून बसलेली. पाऊस पडला की पाण्याचा पहिला घोट तीच घेतात. स्प्रूससारख्या सदाहरित झाडाखाली बारा महिने काळोख आणि सुयांच्या थराखाली कोरडी ठक्क माती. नेचे सावलीत मरतात ते बहुधा अशा कोरड्या सावलीत, आणि दोष दिला जातो काळोखाला.

जागा पारखायची एक जुनी युक्ती आहे. निरभ्र दिवशी भर दुपारी जमिनीपासून फूटभर उंचीवर हात धरायचा. हाताची सावली कडा स्पष्ट घेऊन पडली तर इथे ऊन जास्त. अंधूक, कडा विरलेली पडली तर जागा जमली. सावली पडलीच नाही तर इथे नेचा जगेल, पण चंदेरी राहणार नाही. ही परीक्षा जूनमध्ये करावी. मार्चमध्ये बिनपानाच्या झाडाखाली उभं राहून केली तर निकाल फसवा लागतो.

नेचे सावलीतच का रमतात, या प्रश्नाचं उत्तर गेल्या काही दशकांत बरंच बदललं. नेच्यांचा वंश फार जुना, फुलझाडांच्या कितीतरी आधीचा. कोळशाच्या थरांत त्यांच्या पूर्वजांचे ठसे सापडतात. त्यामुळे हे डायनोसॉरच्याही आधीचे उरलेसुरले म्हातारे आहेत, अशी समजूत रूढ झाली. २००४ साली, योगायोगाने आपल्या नेच्याला मान मिळाला त्याच वर्षी, हॅराल्ड श्नायडर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये वेगळीच मांडणी केली. आज आढळणाऱ्या नेच्यांच्या बहुतेक जाती क्रिटेशस काळात आणि त्यानंतर उदयाला आल्या, म्हणजे सपुष्प वृक्षांची दाट अरण्यं पसरू लागल्यानंतर. मोठ्या झाडांनी डोक्यावरचं ऊन अडवलं, तेव्हा खाली सावलीचं एक नवंच जग तयार झालं आणि नेच्यांनी ते व्यापलं. हे काही मागे राहिलेले म्हातारे नव्हेत. नव्या वस्तीत आधी जाऊन जागा धरणाऱ्यांपैकी ते आहेत.

त्या मंद उजेडात निभावायला त्यांना एक साधनही मिळालं. झाडांमध्ये तांबडा प्रकाश ओळखणारं एक प्रथिन असतं आणि निळा ओळखणारं दुसरं. वरची पानं हे दोन्ही रंग शोषून घेतात, त्यामुळे जंगलाच्या तळाशी त्यांचा तुटवडाच असतो. बऱ्याच नेच्यांत या दोन्ही प्रथिनांचे भाग जोडून बनलेलं निओक्रोम नावाचं एक तिसरंच प्रथिन आढळतं. त्याच्या जोरावर ते थोड्याशा उजेडाचाही माग घेऊ शकतात. हे आलं कुठून? ड्यूक विद्यापीठातले फे-वेई ली, कॅथलीन प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं की त्याचा जनुक नेच्यांचा स्वतःचा नाही. शेवाळासारख्या दिसणाऱ्या हॉर्नवर्ट नावाच्या चिमुकल्या वनस्पतींकडून तो सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी नेच्यांत शिरला असावा. ना आई-बाप, ना कूळ एक. ओल्या जमिनीवर शेजारी शेजारी वाढताना कधीतरी झालेली ही देवघेव. शेजाऱ्याकडून विरजण आणावं तसा जनुक आणला आणि पुढे घरोघर लावला.

लागवडीला फार सोपस्कार नाहीत, पण जे आहेत ते टाळता येत नाहीत. माती भुसभुशीत, पालापाचोळा कुजून झालेल्या खताने काळीभोर झालेली, ओल धरणारी आणि तरीही पाणी न तुंबणारी हवी. मातीचा सामू किंचित आम्ल असावा, साडेपाच ते साडेसहाच्या आसपास. न्यू इंग्लंडमध्ये हे आपोआप साधतं; टोरांटोच्या आसपासच्या चुनखडी मातीत कुजलेला पाला मुबलक मिसळावा लागतो. नव्याने बांधलेल्या घराभोवती बहुधा वरची चांगली माती काढून नेलेली असते आणि रोलरने दाबलेली चिकण तेवढी उरते. तिथे खड्डा खणून त्यात फक्त खत भरलं तर पावसाळी आठवड्यात तो खड्डा म्हणजे हौद होतो. त्यापेक्षा सबंध वाफाच सहा इंच उंच उचलून घ्यावा.

रोप खोल गाडायचं नाही, हे एक पथ्य अगदी काटेकोर पाळावं. कोंब जिथून फुटतात तो माथा मातीच्या पातळीला किंवा केसभर वरच राहिला पाहिजे. माथ्यावर माती ओढली, वरून लाकडाच्या भुश्याचा जाड थर दिला, की तो आतून सडतो. त्या सडण्याचा पत्ता पुढच्या मे महिन्यापर्यंत लागत नाही. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावं. लावल्यावर ते ओकंबोकं दिसतं हे खरं, पण हा नेचा संथ आहे, अंगावर धावून येणाऱ्यातला नाही. दोन-तीन वर्षांत जागा भरतो आणि मग तिथेच थांबतो. पहिल्या वर्षी पाण्याची हयगय चालत नाही. आठवड्यातून एकदा सावकाश, खोलवर पाणी द्यावं, पाऊस नसेल तर दोनदा. रोज संध्याकाळी पाइपने पानांवर शिंतोडे उडवण्याने मन शांत होत असेल, मुळांपर्यंत काही पोचत नाही. भोवती दोन इंच पाल्याचं आच्छादन, माथा सोडून.

खताबद्दल थोडक्यात सांगतो. वसंतात मूठभर कंपोस्ट पुरे. फुलझाडांची तेज रासायनिक खतं नेच्याच्या बारीक मुळांना भाजतात. लॉनवर खताचे दाणे टाकायच्या गाड्या उपनगरांत दर वसंतात फिरतात. त्यांना या वाफ्यापासून हात राखायला सांगावं.

एप्रिल-मेमध्ये कोंब निघतात. सुरुवातीला ते तांबूस असतात, टोकाशी गच्च गुंडाळलेले, आणि उलगडता उलगडता पान चंदेरी होत जातं. याच दिवसांत रात्रीचं उशिराचं हिव पडलं तर कोवळे कोंब काळे पडतात. हवामानखात्याने इशारा दिला असेल त्या रात्री वरून जुनी चादर किंवा उलटी टोपली टाकावी, सकाळी काढावी. कोंब गेले तरी झाड जात नाही, खोडात राखीव असतात; फक्त ते वर्ष जरा फिकं जातं. इतर पुष्कळ नेचे वसंतात एकदाच पानं काढतात आणि थांबतात, हा मात्र उन्हाळाभर अधूनमधून नवी पानं देत राहतो. म्हणून जुलैत करपलेली दोन पानं बिनदिक्कत कापावीत. शरदातली सुकलेली पानं मात्र कापू नयेत. दिसायला ती बरी नसतात, शेजारचे लोक पाहतात, हे सगळं कबूल. पण माथ्यावर पडलेल्या त्या पानांच्या पांघरुणाखाली कोंब हिवाळा काढतात. मार्चमध्ये बर्फ वितळलं की मग सफाई.

हरणं आणि ससे याला सहसा तोंड लावत नाहीत. रोगही फारसे नाहीत. त्रास देतात त्या बिनशंखाच्या गोगलगाई, त्याही ओल्या वसंतात, कोंब कोवळे असताना. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हा अजूनही सर्वांत खात्रीचा उपाय.

वाण निवडताना नावांच्या गर्दीत हरवायला होतं. ‘बर्गंडी लेस’ कोवळेपणी जास्त जांभळा. ‘अर्सुलाज रेड’च्या पानामधला गर्द पट्टा रुंद. ‘ब्रॅनफर्ड ब्यूटी’ आणि ‘ब्रॅनफर्ड रॅम्बलर’ कनेक्टिकटमधल्या ब्रॅनफर्ड गावच्या एका बागेतून आले. त्यातला रॅम्बलर नावाप्रमाणे जरा हिंडतो, मोकळी जागा भरायला बरा. ‘घोस्ट’ व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या एका बागेत मिळाला. जपानी रंगीत नेचा आणि लेडी फर्न यांचा तो संकर मानला जातो, उभा वाढतो, दोन-अडीच फूट होतो आणि जवळपास पांढरट दिसतो. उकाडाही तो पिक्टमपेक्षा बरा सोसतो, म्हणून दक्षिणेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांनी आधी त्याचाच विचार करावा. आणि ज्यांना हिवाळ्यातही पान हवंच आहे, त्यांच्यासाठी ऑटम फर्न: ड्रायोप्टेरिस एरिथ्रोसोरा, हाही पूर्व आशियातला. त्याची कोवळी पानं तांब्याच्या रंगाची, पुढे गर्द तकतकीत हिरवी, पानामागचे बीजाणूंचे ठिपके कोवळेपणी लालभडक. सौम्य हिवाळ्यात तो हिरवा राहतो आणि कोरडेपणा जरा जास्त सोसतो.

चिठ्ठीवर पिक्टम लिहिलेली दहा रोपं एका रांगेत ठेवली तर दहा तऱ्हा दिसतात. काही लख्ख चंदेरी, काही मळकट. याचं कारण नेच्यांच्या जन्माच्या गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट समजायला माणसाला फार काळ लागला.

फूल नाही, फळ नाही, मग हे उगवतं कशातून? मध्ययुगीन युरोपात लोकांनी यावर उत्तर काढलं की नेच्याला बी असतं, पण ते अदृश्य असतं. आणि ज्याला ते मिळेल तोही अदृश्य होतो. मध्य उन्हाळ्यात सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री ते हाती लागतं म्हणत. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकात याच बियांच्या जोरावर अदृश्य होऊन फिरायच्या गप्पा मारणारा एक चोर आहे. पानामागची तपकिरी धूळ मात्र सगळ्यांना दिसत होती. ती पेरून पाहिली ती जमैकात राहणाऱ्या जॉन लिंडसे नावाच्या शल्यवैद्याने. धुळीतून नेचे उगवतात हा त्याचा लेख १७९४ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने छापला. तरीही कोडं अर्धंच सुटलं, कारण त्या धुळीतून आधी नेचा उगवतच नाही. उगवते एक हृदयाच्या आकाराची, काही मिलिमीटरची हिरवी पापडी. तिच्या पोटाशी नर आणि मादी पेशी तयार होतात. नर पेशी पाण्याच्या थरातून पोहत मादीपर्यंत जाते, आणि त्या मिलनातून ज्याला आपण नेचा म्हणतो ते झाड उभं राहतं. हे मिलन १८४८ साली लेश्चिच-सुमिन्स्की याने टिपलं. आणि १८५१ मध्ये लाइपझिगच्या विल्हेल्म होफमाइस्टरने शेवाळांपासून सूचिपर्णी वृक्षांपर्यंत हाच दोन पिढ्यांचा आलटून पालटून चालणारा क्रम असल्याचं दाखवलं. होफमाइस्टर तेव्हा प्राध्यापक नव्हता, विद्यापीठातही शिकलेला नव्हता. वडिलांच्या पुस्तकांच्या आणि संगीताच्या धंद्यात काम करायचा आणि उरल्या वेळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचा.

नेच्याला ओल का लागते ते यातून स्पष्ट होतं. मोठं झाड थोडा दुष्काळ सोसेलही, पण पाण्याच्या थराशिवाय पुढची पिढीच जन्मत नाही.

घरी बीजाणू पेरून पाहण्यात मोठी मौज आहे, मुलांना घेऊन तर जरूर करावं. उन्हाळ्याच्या मध्यावर ज्या पानामागचे ठिपके तपकिरी झाले आहेत असं पान तोडून पांढऱ्या कागदावर पालथं ठेवायचं, वर दुसरा कागद, आणि जिथे वारा नाही अशा कोरड्या जागी दोन दिवस सोडायचं. कागदावर पानाची तपकिरी नक्षी उमटते. ती म्हणजे हजारो बीजाणू. छोट्या डब्यात बारीक चाळलेलं पीटचं मिश्रण भरून त्यावर उकळतं पाणी ओतायचं, म्हणजे शेवाळ आणि बुरशीचे बीजाणू मरतात. निवल्यावर त्यावर ही धूळ अगदी विरळ भुरभुरवायची, झाकण लावायचं आणि थेट ऊन न येणाऱ्या उजेडाच्या खिडकीत ठेवून द्यायचं. काही आठवड्यांत वर हिरवा लेप दिसतो, मग त्या पापड्या. या टप्प्याला पाण्याचा बारीक फवारा हवा, नाहीतर पोहणार कुठून? पहिली खरी पानं दिसायला पाच-सहा महिने जातात आणि बागेत लावण्याजोगं रोप व्हायला दोन वर्षं.

या रोपांमध्ये रंग एकसारखा उतरत नाही. काही तर सरळ हिरवी निघतात. म्हणून मोठ्या नर्सऱ्या निवडक झाडांच्या ऊतींपासून प्रयोगशाळेत रोपं वाढवतात आणि हौशी माणूस वसंतात कोंब हलू लागताना झाड उकरून, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन कोंब राहतील असं धारदार सुरीने खोड कापतो. असा तुकडा मूळ झाडाच्याच रंगाचा निघतो. विकत घ्यायचं तर जूनमध्ये, पान उलगडलेलं असताना, डोळ्यांनी पाहून घ्यावं. फेब्रुवारीत छापील चित्र पाहून मागवलेलं रोप कसं निघेल हा नशिबाचा भाग.

झाकलेल्या डब्यातली ही पेरणी पाहिली की डॉ. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्डची आठवण येतेच. लंडनच्या पूर्व भागातल्या धुरकट वस्तीत राहणाऱ्या या डॉक्टरला नेच्यांचा नाद होता, पण कोळशाच्या धुरात त्याचे नेचे टिकत नसत. १८२९ च्या सुमारास एका बंद बाटलीत त्याने पतंगाचा कोश ओल्या मातीवर ठेवला होता. त्या मातीत आपोआप एक नेचा आणि गवताचं एक पातं उगवलं आणि बाटली बंद असूनही ती दोन्ही जगली. त्यातून काचेच्या बंद पेट्या निघाल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून पाठवलेली झाडं सिडनीपर्यंत जिवंत पोचली. इंग्लंडच्या दिवाणखान्यांत नेच्यांचं वेड शिरलं ते इथून, आणि ते इतकं वाढलं की चार्ल्स किंग्जलीने १८५५ मध्ये त्या वेडाला ‘टेरिडोमेनिया’ हे नाव दिलं. टेकड्याच्या टेकड्या खरवडून नेचे विकले गेले, काही दुर्मीळ जातींचा तर तिथून जवळजवळ बीमोड झाला. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपं हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांपर्यंत आणली, तीही याच वॉर्डच्या पेट्यांतून. आपल्या चहाच्या कपाचं थोडं देणं असं नेच्यांच्या एका वेड्याला लागतं.

बागेतल्या मांडणीबद्दल माझा एकच आग्रह आहे. या नेच्याच्या शेजारी ठिपकेदार, पट्टेदार, पांढऱ्या कडांची आणखी चार झाडं लावू नयेत. सावलीच्या बागा करणाऱ्यांना ही हौस फार असते आणि मग वाफ्यात कुणाकडेच लक्ष जात नाही. त्याच्याजवळ सपाट, शांत रंग हवा: निळसर पानांचा होस्टा (हरणं नसतील तर), हेलेबोरची गर्द हिरवी जाड पानं, किंवा हाकोनेक्लोआ नावाचं जपानी पिवळं गवत. हाकोनेक्लोआच्या सोनेरी वाणाला तर तोच वर्षाचा मान २००९ साली मिळालेला आहे. दगडी पायऱ्यांच्या कडेला, जिथे माणूस वाकून पाहील अशा जागी तीन रोपं एकत्र लावली तर ती लांबच्या कोपऱ्यातल्या दहा रोपांपेक्षा जास्त पाहिली जातात.

पुण्यात, मुंबईत किंवा पणजीत हा लावता येईल का? नाही, आणि एसीच्या खोलीत ठेवूनही नाही. त्याला हिवाळ्याची झोप लागते. तीन-चार महिने गारठ्यात पानाविना पडून राहिल्यावरच खोडातले कोंब नव्या वर्षाला तयार होतात. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी एखाद्या जानेवारीत दवबिंदू गोठतात आणि वर्तमानपत्रांत फोटो येतात, पण दोन पहाटे गोठलेलं दव म्हणजे हिवाळा नव्हे. आणि मार्च-एप्रिलमध्ये जेव्हा याला ओल हवी तेव्हा घाटमाथा कोरडा पडलेला असतो. ऑनलाइन कुणी विकत असेल तर पैसे वाचवावेत.

सह्याद्रीच्या नेच्यांचं वेळापत्रक उलटं आहे: ते झोपतात उन्हाळ्यात आणि उठतात पावसात. आंब्या-फणसाच्या खोडावर चढलेलं बाशिंग मे महिन्यात तपकिरी कागदासारखं वाजतं आणि जूनमध्ये पुन्हा हिरवं होतं. रंग मात्र आपल्याकडेही आहे. कोकण-गोव्यातल्या ओलसर उतारांवर आणि ओढ्यांच्या कडेला ब्लेक्नम ओरिएन्टॅलीची कोवळी पानं तांबूस निघतात, आणि घाटातल्या कातळाच्या कपारींत वाढणाऱ्या काही नेच्यांच्या पानांची मागची बाजू पांढऱ्या पुडीने माखलेली असते. ते उपटून घरी आणण्यात अर्थ नाही. कातळाच्या भेगेतलं पाणी कुंडीत देता येत नाही आणि बहुतेक रोपं दिवाळीपर्यंत जातात. सावलीच्या गॅलरीत चंदेरी नेचा हवाच असेल तर नर्सरीत टेरिस एन्सिफॉर्मिसचा व्हिक्टोरिए हा वाण मागावा. तो उष्ण प्रदेशातला, त्याला हिवाळ्याची गरज नाही. पानाच्या प्रत्येक पर्णिकेच्या मधोमध पांढरा पट्टा असतो. पूर्वेची गॅलरी, कोकोपीट आणि शेणखत मिसळलेली माती, आणि एप्रिल-मेमध्ये कुंडीखाली ओल्या खड्यांची ताटली, एवढ्यावर तो टिकतो. खडे पाण्यात बुडालेले असावेत, कुंडीचं बूड नव्हे.